युद्धलुटीची पाटी

बाबा साताऱ्याचे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडची वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा गुडघेदुखी विसरून ते रांगेत उभे राहिले होते. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, महाराजांची वाघनखं परत आली. दुसऱ्याचं, ही ती नव्हेतच. मी मधेच लिहिलं की तीन वर्षांच्या बोलीवर मिळालेल्या वस्तूला परत आली कसं म्हणायचं? त्यावर काकांचं उत्तर आलं, 'तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस.' मी गप्प बसले. परदेशात राहणाऱ्याचं तोंड या एका वाक्यात बंद होतं.

पुढे बाबा अ‍ॅम्स्टरडॅमला आले, तेव्हा त्यांना राइक्सम्युझियम दाखवायला नेलं. १८८५ साली उघडलेली ही इमारत आणि तिच्या पोटातून आरपार जाणारा सायकलींचा रस्ता. बाबा तिथेच पंधरा मिनिटं रमले. नूतनीकरणासाठी संग्रहालयाचा बराचसा भाग दहा वर्षं, २०१३ पर्यंत बंद होता, आणि त्या काळात हा रस्ता राहावा म्हणून सायकलवाले भांडले होते, हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं. भांडण हा आमच्या घराण्याचा आवडता विषय.

आत रेम्ब्राँच्या १६४२ सालच्या 'नाइट वॉच'समोर नेहमीसारखी गर्दी. १७१५ मध्ये नगरभवनाच्या भिंतीवर मावावं म्हणून हे चित्र चारही बाजूंनी कापलं होतं. 'म्हणजे हेही आपल्यासारखेच,' बाबा खूश होऊन म्हणाले. आशियाई दालनात तामिळनाडूतला कांस्य नटराज आहे, सुमारे ११०० सालचा. त्याच्यापुढे बाबांचे हात आपोआप जोडले गेले. 'याला इथे फूल कोण वाहतं?' या प्रश्नावर मी काय बोलणार!

मला मात्र त्यांना एक हिरा दाखवायचा होता. बोर्निओतल्या बंजारमासिनच्या सुलतानाचा. १८५९ मध्ये डचांनी ती सल्तनत बळाने खालसा केली आणि हिरा इकडे आणला. त्याच्या पाटीची सुरुवातच हा हिरा युद्धलूट आहे अशी होते. मी मराठीत सांगितलं तेव्हा बाबांनी चष्मा पुसून पाटीकडे पाहिलं. 'स्वतःच लिहिलंय यांनी?'

लिहिलंय. आता यात डचांची आरती ओवाळण्यासारखं फार नाही. पाटी प्रामाणिक असली तरी हिरा काचेतच आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सैनिकांनी १७६५ मध्ये कँडीतून लुटलेली तोफ श्रीलंकेला द्यायला २०२३ उजाडलं. इथेही भांडणं आहेत. अ‍ॅम्स्टरडॅम म्युझियमने २०१९ मध्ये सतराव्या शतकाला 'सुवर्णयुग' म्हणणं सोडलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आणि राइक्सम्युझियमने तो शब्द ठेवला. पण तोफ दिली ती मालकीसकट दिली. आपल्याकडे उसनवारीचीच मिरवणूक निघते, आणि ती उसनवारी आहे असं म्हणणारा घरभेदी ठरतो.

वाघनखांच्या खरेपणाबद्दल लंडनचं संग्रहालय स्वतःच म्हणतं की अफझलखानाच्या वेळी वापरली ती हीच, याची खातरजमा करता येत नाही. डबीवरच्या मजकुरानुसार साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी, जेम्स ग्रँट डफ याला ती पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाली. देणाऱ्याने कोणत्या नाइलाजाने दिली असतील, १८१८ नंतरच्या साताऱ्यात इंग्रज रेसिडेंटला नाही म्हणणं कितपत शक्य होतं, हा खरा रंगतदार भाग. ग्रुपवर त्याचं कुणालाच काही नव्हतं. सगळा जीव त्या पोलादात.

बाहेर पडताना मी डचांचं १६६५ सालचं एक चित्र दाखवलं, बंगालमधल्या हुगळीच्या वखारीचं. नीटनेटक्या भिंती, बागा, नदीत गलबतं. बाबांना वेंगुर्ल्याची डच वखार आठवली. लहानपणी तिथे गेले होते. झाडांची मुळं भिंतीत घुसलेली, एवढंच डोळ्यापुढे आहे म्हणाले.

ट्राममध्ये मी विचारलं, 'बाबा, साताऱ्यात पाटीवर काय लिहिलं होतं हो?'

बराच वेळ त्यांनी आठवून पाहिलं.

'वाचलीच नाही गं. मागून ढकलत होते.'