मणी टेबलाखाली गेला

आज दुपारी एका नव्या सहकाऱ्याने माझ्या गळ्यातली, स्काउटच्या कामाबद्दल मिळालेल्या मण्यांची, चामड्याची वादी बोटावर उचलली. "मॅडम, हे मणी प्लॅस्टिकचे की लाकडाचे?" असं म्हणत त्याने जरा ओढली आणि टोकाची गाठ सुटून एक मणी टेबलाखाली घरंगळत गेला. त्याने वाकून शोधून दिला, सॉरीही म्हणाला. तिथेच थांबला असता तर मी ही पोस्ट लिहायला बसले नसते. पण पुढे विचारतो, "याचे पैसे किती मिळतात तुम्हाला?"

शून्य मिळतात रे बाबा. उलट आपल्या खिशातले जातात. आणि वर त्याचं हसणं... "म्हणजे पन्नाशीची माणसं हाफपँट घालून टाळ्या वाजवतात, एवढंच ना?"

माझ्या यादीतले निम्मे लोक सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांची पोरं घेऊन रानात जाणारे आहेत. तुम्हाला यातलं काही समजावायला नको. त्याला समजवावंसं वाटलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

ती गाठ मी बांधलेली नव्हती. ती सरांनी बांधली होती. वूड बॅजच्या शिबिरात (स्काउटची मुलं सांभाळणाऱ्या मोठ्या माणसांचं प्रशिक्षण, ते पूर्ण केलं की हे मणी मिळतात) सहा जणांचा आमचा संघ होता. सर सगळ्यांत मोठे, सत्तावन्न वर्षांचे आणि अत्यंत तुसडे. तिसऱ्या रात्री पाऊस लागला, चूल पेटवायची पाळी माझी. अर्धी काडेपेटी संपली, डोळ्यांत धूर गेला, आणि मी चाळिशीची बाई सगळ्यांसमोर रडायला लागले. सर काही बोलले नाहीत. कुऱ्हाड घेऊन एक ओलं ओंडकं उभं चिरलं, आतला कोरडा गाभा काढला, चाकूने त्याच्या सालपटी केल्या आणि म्हणाले, "बाई, लाकूड वरून भिजतं. आत बघायचं."

हे प्रशिक्षण जिथे सुरू झालं त्या इंग्लंडमधल्या गिलवेलचं चिन्ह म्हणजे ओंडक्यात रुतलेली कुऱ्हाड. तोवर मला ते नुसतं चित्र वाटायचं.

आता त्या पोराला कोण सांगणार की हे सगळं सुरू झालं तेच चिखलात! पहिल्या महायुद्धात कितीतरी स्काउटमास्तर गेले. मुलं तर वाढतच होती, त्यांना सांभाळणारी मोठी माणसं कुठून आणायची? शिवाय लंडनच्या ईस्ट एंडमधल्या गरीब पोरांना तंबू ठोकायला जागा नव्हती. ते पाहून डब्ल्यू. डी बॉइस मॅक्लारेन नावाच्या स्कॉटिश गृहस्थांनी खिशात हात घातला, आणि एपिंगच्या जंगलाजवळची गिलवेल पार्क ही पडीक वास्तू सात हजार पौंडांत घेतली गेली. १९१९ च्या ईस्टरला साफसफाईसाठी पहिली तुकडी गेली, तर पावसाने तंबूच लावता येईनात. मग माळ्याच्या खोपटात झोपले सगळे. त्या खोपटाला 'पिगस्टाय' म्हणतात, म्हणजे सरळ डुकरांचा गोठा. मला हे फार आवडतं. त्याच वर्षी ८ ते १९ सप्टेंबरला पहिला वूड बॅज कोर्स झाला, फ्रान्सिस गिडनी कॅम्प चीफ होते. मोठ्या माणसांनी मुलांसारखं संघात राहायचं, स्वतः रांधायचं, स्वतः चुकायचं. ते तेव्हापासून.

मॅक्लारेन यांची आठवण म्हणून वूड बॅजवाल्यांच्या स्कार्फवर त्यांच्या घराण्याचं चौकड्यांचं कापड आलं. अख्खा स्कार्फ त्या कापडाचा परवडेना, म्हणून साध्या कापडावर पाठीमागे नुसता एक तुकडा लावायला लागले. बघा, काटकसर पहिल्यापासून!

मण्यांबद्दल मात्र एक कबूल करावं लागेल. मूळचे मणी झुलू राजा दिनिझुलूच्या माळेतले. ती माळ १८८८ च्या मोहिमेत स्काउटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या हाती आली, आणि ती मिळवल्याची जी गोष्ट सांगतात तिच्यावर वाद आहेत. साम्राज्याची लूट म्हणा हवं तर. मी भांडणार नाही. माझ्या गळ्यातले मणी नकलेचेच आहेत, कारण माळेतले कधीच संपले.

नकला कराव्या लागल्या, कारण माणसं वाढली. बाहेरचे लोक आले, शिकले आणि आपापल्या देशांत जाऊन तसेच कोर्स घेऊ लागले. १९२३ पासून वीस वर्षं कॅम्प चीफ राहिलेले जे. एस. विल्सन तर आधी कलकत्त्याच्या पोलिसात होते! कोर्स संपल्यावर सगळे पहिल्या गिलवेल पथकाचे सभासद, मग गावी कुणी डॉक्टर असो की गवंडी. सप्टेंबरात जुनी मंडळी गिलवेलला पुन्हा जमतात. १९२९ मध्ये बेडन-पॉवेल यांना उमरावपद मिळालं, तेव्हा पदवीत त्यांनी गिलवेलचंच नाव घेतलं. पुढे मोठ्या झालेल्या स्काउट-गाइडांचीही स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघटना झाली, १९५३ मध्ये, स्वित्झर्लंडच्या लुझर्नला. (भाऊबंदकी हा शब्द आपण भांडणासाठी वापरून नासवला, नाहीतर या सगळ्या गोतावळ्याला तोच शोभला असता.)

हो, नुसते मणी मिळवून गायब होणारेही आहेत. तीन मणी, चार मणी म्हणजे प्रशिक्षक, म्हणून छाती काढून फिरणारेही आहेत. माहीत आहेत मला. पुढे.

मला मणी मिळाले त्या दिवशी सरांना मिळाले नाहीत. त्यांचं लेखी काम अडलं होतं. तरी आले, सगळ्यांत मागे उभे राहिले. माझी एक गाठ ढिली दिसली म्हणून पुढे आले, सोडून पुन्हा बांधली, दाताने आवळली आणि स्काउटच्या रीतीने हात मिळवायला डावा हात पुढे केला. त्यांना मणी मिळायला आणखी दोन वर्षं लागली. तेव्हा मागे मी उभी होते.

याचे किती मिळतात, विचारतोय.

खरं सांगू? लिहिता लिहिता राग उतरला. पोरगं वाईट नाही. टेबलाखाली गुडघे टेकून शोधलाच ना त्याने मणी. पुढच्या शिबिराला सामान उचलायला ये म्हणून विचारणार आहे उद्या.

गाठ मी अजून बांधलेली नाही. मघाशी सरांना फोन केला. ऐकू कमी येतं त्यांना आता, तीनदा सांगावं लागलं. मला वाटलं, घेऊन या म्हणतील, मीच बांधतो म्हणतील.

"वादी सुकली असेल बाई," म्हणाले. "टोक भिजवा, ओली असतानाच आवळा. वाळली की घट्ट बसते." आणि फोन ठेवला.

वाटीत भिजत ठेवलीय.