कट्ट्यावरची चर्चा : मोराला रंग कशाला?

चौकातल्या भंगाराच्या मोराला परवा पुन्हा रंग मारला, मंत्री येणार म्हणून. या वेळी मान निळी, पिसारा हिरवा आणि कडेनं सोनेरी. संध्याकाळी कट्ट्यावर हाच विषय निघणार हे उघड होतं, पण शिवा येईपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही. मोर वेल्ड केलाय शिवानं. बोर्डावर मोठं नाव ठेकेदाराचं, त्याखाली 'संकल्पना' म्हणून आमच्या विन्याचं. शिवाचं नाव कुठंच नाही, आणि निम्मी मजुरीही अजून यायचीय.

"कसा दिसतोय?" विन्यानंच विषय काढला.

"गणपतीच्या मखरातला दिसतोय," शिवा म्हणाला आणि मंदाताईंकडून चहा घेऊन बसला.

विन्याला लागलं ते. पुण्यात इंटिरिअरची कामं घ्यायला लागल्यापासून त्याच्या बोलण्यात निम्मे शब्द ब्रोशरमधले असतात. "अरे, पब्लिक आर्टला व्हिज्युअल अपील लागतं. नुसतं गंजकं लोखंड कोण बघणार? आता बघ, लोक थांबून फोटो काढतात. एंगेजमेंट आहे."

"लोक सिग्नलला थांबतात, विन्या," पक्या म्हणाला.

पक्याचं भंगारचं दुकान आहे, बापापासूनचं. जिन्नस हातात घेतला की बीड, पत्रा, तांबं, पितळ, जर्मन, काय ते न बघता सांगतो.

शिवानं कप खाली ठेवला. "मी तो मोर करत होतो ना, तेव्हा मानेला बुलेटचा सायलेन्सर घेतला. छातीला सायकलच्या चेनी. तुऱ्याला जुने स्पार्क प्लग. आणि पिसाऱ्याला सगळे पाने. त्यात एक दहा-अकराचा पाना होता, मधोमध झिजलेला. कुणा मिस्त्रीनं जन्मभर वापरला असणार, अंगठा टेकायची जागा पार गुळगुळीत झालेली. तो मी मुद्दाम पुढं लावला, लहान पोरांच्या डोळ्यांसमोर येईल असा. जा आता, शोधून दाखव मला तो पाना."

कुणी काही बोललं नाही. तीन थर रंगाखाली आता पाना काय आणि पट्टी काय, सगळं सारखंच.

मी इथं शिवाच्या बाजूचा आहे, ते लपवत नाही. टाकून दिलेल्या वस्तूंतून काही घडवायचं तर त्या वस्तूचं आधीचं आयुष्य दिसत राहिलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. पाना पिसही झाला पाहिजे आणि पानाही राहिला पाहिजे. बघणाऱ्याच्या डोळ्यात दोन्ही एकदम उमटतात, सगळी गंमत तिथंच असते. रंग फासून ते पुसलं की उरतं नुसतं स्वस्तातलं लोखंड.

कुलकर्णी सर तोवर गप्प होते. आम्हा सगळ्यांना चित्रकला त्यांनीच शिकवली, किंवा शिकवायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "शिक्षकांच्या सहलीत मी चंडीगडचं रॉक गार्डन बघितलं होतं. तुम्ही कुणी गेलाय का?"

"पार्किंगसाठी भिंत पाडली तेच ना?" पक्यानं विचारलं. २०२५ ची बातमी त्यानं मोबाइलवर बघितलेली.

"तेच. हायकोर्टाच्या बाजूची." सर जरा चिडूनच बोलले. "ती बाग करणारा नेकचंद म्हणजे कुणी मोठा कलाकार नव्हे रे. पीडब्ल्यूडीतला रोड इन्स्पेक्टर. फाळणीत गाव पाकिस्तानात गेलेलं. इकडं चंडीगड उभं करायचं म्हणून कितीतरी गावं उठवली होती. त्या पाडलेल्या घरांचा राडारोडा, फुटक्या कपबश्या, बेसिनचे तुकडे, बांगड्यांच्या काचा, हे सगळं हा माणूस नोकरी संपली की सायकलवरून जंगलात न्यायचा. वर्षानुवर्षं, कुणाला पत्ता न लागू देता. जागा सरकारी, तिथं बांधकामाला बंदी. सत्तरच्या दशकात सापडला तेव्हा सगळं पाडायचंच घाटत होतं. पण लोकांनी बघितलं आणि सरकारलाच नमतं घ्यावं लागलं. १९७६ ला बाग उघडली, त्याला पगार चालू ठेवून तेच काम दिलं, वर पन्नास मजूर दिले. १९८४ ला पद्मश्री."

"म्हणजे अतिक्रमण रेग्युलराइज झालं," पक्या म्हणाला. "आमच्या शेडचं तेवढं होत नाही."

सरांनी तिकडं लक्ष दिलं नाही. "तिथं बायकांचे पुतळे आहेत, रांगेनं. अंगावरचे कपडे फुटक्या बांगड्यांचे. जवळ गेलास की दिसतं, ही हिरवी, ही लाल, ही कुणाच्या तरी लग्नातली असेल. कुणीतरी घातलेली, कुणाच्या तरी हातात फुटलेली. त्यानं त्यावर रंग नाही फासला."

मी त्या पुतळ्यांचा फोटो मोबाइलवर शोधून काढला आणि हातोहात फिरवला. शिवानं तो बोटांनी मोठा करत करत बराच वेळ बघितला. "सिमेंट ओलं असताना एकेक काच दाबलीय," तो म्हणाला. "याला घाई नव्हती."

विन्याला हे पचलं नाही. "सर, हे ठीक आहे, पण ते आउटसायडर आर्ट झालं, न शिकलेल्या माणसाचं. याचा खरा डिस्कोर्स सुरू होतो द्युशाँ या फ्रेंच कलाकारापासून. १९१७, न्यूयॉर्क. त्यानं मुतारीचं भांडं उचललं, सही केली आणि प्रदर्शनाला पाठवलं. पूर्ण पॅराडाइम बदलला."

"मग लागलं का प्रदर्शनात?" मंदाताईंनी टपरीतून विचारलं.

"नाही, नाकारलं."

"बरं केलं."

"तो मुद्दाच नाहीये मंदाताई, मुद्दा असा की कलाकार ज्याकडं बोट दाखवेल ती कला."

"पण ते भांडं जुनं होतं का?" शिवानं विचारलं.

विन्या थबकला. "म्हणजे?"

"म्हणजे कुठून काढलेलं, वापरलेलं, का दुकानातनं?"

"दुकानातलंच. नवीन होतं."

"मग त्याचा आणि आपला काय संबंध? त्यानं नवा माल घेतला. कुणी टाकलेलं कुठं उचललं? त्याचा खेळ वेगळा, चांगला असेल, पण मोराच्या मध्ये त्याला कशाला आणतोस?"

हे ऐकून सरांनी मांडीवर थाप मारली. खरं सांगायचं तर कलेचा इतिहास शिकवणाऱ्यांच्या तोंडूनही मी हा फरक इतका स्वच्छ ऐकलेला नाही. दुकानातली नवी वस्तू उचलून 'ही कला' म्हणणं आणि कुणाच्या तरी हाताखालून गेलेली, टाकून दिलेली वस्तू पुन्हा उभी करणं, या दोन गोष्टी एकाच पोत्यात भरायच्या नसतात.

पक्याला तोवर केळं आठवलं होतं. "ते कला म्हणून भिंतीला चिकटपट्टीनं लावलेलं, लिलावात ६२ लाख डॉलरला गेलेलं! २०२४ ला. आणि घेणाऱ्यानं खाल्लं की ते! मी म्हणतो, सालासकट रद्दीत घातलं असतं तरी मी काय दिलं असतं?"

"तू केळ्याचंही वजनात मारलं असतंस," शिवा म्हणाला, आणि तिथून गाडी पक्याच्या काट्यावर घसरली. गॅस शेगडीच्या बर्नरचं पितळ त्यानं एकदा सरांकडून लोखंडाच्या भावानं घेतलं होतं, ते सर विसरलेले नाहीत. पक्या म्हणतो त्यात बीडच जास्त होतं. हे भांडण पूर्वीही झालंय, पुढंही होईल.

सरांनीच ते थांबवलं. त्यांनी शिवाला दुसरा फोटो दाखवला. पिकासो, १९४२. सायकलची सीट, वर सायकलचं हँडल, बास. झालं बैलाचं तोंड, शिंगांसकट.

शिवा एकदम सरळ बसला. "जोड कुठं दिलाय?"

"दिसत नाही इथं."

"दोनच वस्तू आणि एकच जोड." त्यानं मोबाइल तिरका करून बघितला. "आयला! यात लपवायला जागाच नाही सर. माझ्या मोरात चारशे टाके आहेत, एखादा वाकडा गेला तर पिसात दडतो. इथं तो माणूस उघडाच पडला असता. सीट बघावी तर सीटच आहे आणि बैल बघावा तर बैलच." मग विन्याकडं वळून म्हणाला, "याला सोनेरी मारून बघ, बैल मरतो."

"आमची आई वाकळ शिवायची," मंदाताई म्हणाल्या. बोलता बोलता गाळणी झटकणं चालूच. "तिच्यात माझ्या भावाची शाळेची चड्डी होती, आजीचं इरकली होतं, वडलांच्या धोतराचा काठ होता. थंडीत पांघरून झोपायचो आणि भांडायचो, हा तुकडा माझा, तो तुझा. आता पुण्यात दुकानात मिळतात गोधड्या, नव्या कापडाच्या, ठिगळं छापलेली. पांघरून काय कळणार, कुणाचं काय आहे त्यात?"

विन्या म्हणाला ते क्राफ्ट झालं, आर्ट नव्हे. मंदाताई म्हणाल्या, "असू दे. थंडी वाजत नव्हती."

मला वाटतं चर्चा तिथंच संपायला हरकत नव्हती. पण विन्यानं शेवटचा हुकूम काढला, दिल्लीचं पार्क. २०१९ ला झालेलं, दीडशे टन भंगारातून जगातली सात आश्चर्यं. ताजमहाल, आयफेल टॉवर, सगळं. "तिथं तिकीट काढून लोक जातात! आपल्या गावात तसं एक करायचंय. प्रपोजल देतोय."

"मेहनत मोठी आहे, नाही म्हणत नाही," शिवा म्हणाला. "वेल्डरचे हात मला दिसतात त्यात. पण ताजमहाल आधीच होता की रं. भंगाराला स्वतःचं काही म्हणायचं असेल, ते ऐक ना. पानाच सांगतो मला पीस व्हायचंय म्हणून. तू आधी आग्र्याचं चित्र काढतोस आणि मग त्यात लोखंड कोंबतोस."

"पण मेसेज? वेस्ट टू वेल्थ? आपल्या बोर्डावरच लिहिलंय, 'टाकाऊतून टिकाऊ'!"

पक्या खोकला. मुद्दाम.

"काय झालं?"

"काही नाही. मोराला माझ्याकडनं किती माल गेला, ते सांगू का?"

"पक्या, राहू दे."

"पिसाऱ्याचे डोळे आहेत ना, गोल गोल, शेकड्यानं लावलेले? ते वायसर. कोरे. पेठेतल्या हार्डवेअरमधून खोक्यानं आणलेत यानं. भंगार गोळा करायला वेळ नव्हता म्हणे, उद्घाटनाची तारीख आलेली. माझ्याकडनं गेलं ते फक्त अंगाचं आणि पिसाच्या दांड्यांचं."

शिवा जमिनीकडं बघायला लागला. त्याला ठाऊक होतं. ते वायसर त्यानंच लावलेत, सांगितलं म्हणून. सर चष्मा काढून विन्याकडं बघत राहिले, नववीत बघायचे तसेच. विन्या म्हणाला लॉजिस्टिक्सचा इश्यू होता.

"लॉजिस्टिक्स," सर म्हणाले. "तू इंटरमिजिएटलाही स्मरणचित्र शेजारच्याचं बघून काढलं होतंस."

"आणि मला वस्तुचित्रात कमी मार्क दिले होते तुम्ही," शिवानं लगेच साधून घेतलं. "मडक्याला चीर काढली म्हणून. मडकं नीट काढ म्हणालात. चीर होतीच सर त्याला! तुम्हीच मांडलं होतं ते."

सर म्हणाले ते मडकं शाळेचं होतं, नवीन मडक्याला पैसे मंजूर झाले नव्हते. शिवा म्हणाला मग पैसे मंजूर नव्हते ते चित्रात दिसायला नको? एवढ्यावर मंदाताईसुद्धा टपरीबाहेर आल्या हसायला.

मग शिवा म्हणाला, मी एक दिवस ग्राइंडरला वायर ब्रश लावून रात्रीत सगळा रंग खरवडून काढतो, माझा पाना मला परत बघायचाय. सर म्हणाले मी टॉर्च धरतो. मी म्हणालो मीही येतो, आणि खरंच जाणार आहे.

"काढा की," पक्या म्हणाला. "रंग गेला की ते सगळे वायसर चकाकतील नवेकोरे, पार एसटी स्टँडापासून दिसतील. विन्या, तू आत्ताच अजून दोन हात मारून घे."

पहिल्यांदा विन्या सोडून सगळे हसले. मग तोही.