प्लेटलेट्सचा आकडा नॉर्मल, मग गोळी कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमच्या प्रतिक्रियेत राग आहे, पण त्यामागे वडिलांची काळजी आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं की ‘स्टेंटनंतर गोळ्या मनाने बंद करू नका’ असं सांगून मी लोकांना घाबरवतो. वडिलांच्या हृदयाच्या धमनीत ४ महिन्यांपूर्वी स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) टाकला, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) २ लाख १० हजार म्हणजे नॉर्मल, हातावर निळे डाग पडू लागले म्हणून तुम्ही अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन्ही गोळ्या बंद केल्या, ८ दिवस झाले आणि ते ठणठणीत आहेत.

आधी माझी चूक. मागच्या लेखात मी ‘रक्त पातळ करणारी गोळी’ असं लिहिलं. मेडिकलच्या काउंटरवर आम्ही दिवसभर तसंच बोलतो, पण घोटाळा त्या शब्दानेच होतो. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेलने रक्त पाण्यासारखं होत नाही. प्लेटलेट्सची एकमेकींना चिकटायची ओढ कमी होते, एवढंच. सीबीसीच्या (रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टात त्या किती आहेत ते दिसतं, किती चटकन चिकटतात ते दिसत नाही. डेंग्यूच्या साथींनी आपल्याला आकडाच बघायला शिकवलं. आकडा दीड ते साडेचार लाखांत असला तरी मधुमेह असेल, विडी-सिगारेट असेल तर प्लेटलेट्स लवकर चिकटतात. त्यात नवा स्टेंट म्हणजे धातूची जाळी. तिच्यावर धमनीचं अस्तर चढायला काही महिने लागतात, तोवर उघड्या तारेवर गुठळी धरू शकते. म्हणून तर दोन-दोन गोळ्या, आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर बहुतेकदा वर्षभर.

आता तुमचे ते ८ दिवस. प्लेटलेटला केंद्रक नसतं. अॅस्पिरिनने तिचं चिकटण्याला मदत करणारं जे एन्झाइम बंद पाडलं, ते तिला पुन्हा बनवता येत नाही. ती ७ ते १० दिवस जगते आणि रोज साधारण दहावा हिस्सा नवा येतो. म्हणजे सुरुवातीचे दिवस वडील जुन्या गोळीच्याच जिवावर होते. आज त्यांच्या बहुतेक प्लेटलेट्स नव्या आहेत, गोळी न लागलेल्या.

अमळनेरच्या माझ्या मामांनी दाढ काढायची म्हणून कुणालाही न विचारता गोळ्या सोडल्या. दाढ निघाली, तरी सुरू केल्या नाहीत. ‘माले आते काय बी व्हत नही, गोया कसाले खाऊ?’ अकराव्या दिवशी पहाटे छातीत कळ आली. स्टेंट गुठळीने बंद झाला होता. उशीखाली पट्टी सापडली, ४ खण फुटलेले, १० भरलेले. मामा वाचले, पण आता कपाशीच्या बांधापर्यंत जातानाही दोनदा थांबतात.

डागांबद्दल तुमची तक्रार खरी आहे. या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो, आणि डांबरासारखी काळी शी झाली तर तातडीने दवाखाना गाठायचा. पण डोस कमी करणं, गोळी बदलणं, पोटासाठी वेगळी गोळी देणं हे उपाय हृदयाच्या डॉक्टरांकडे असतात. गुडघ्यासाठी वडील आयबुप्रोफेन घेत असतील तर तेही सांगा. तिने रक्तस्राव वाढतो आणि अॅस्पिरिनच्या कामात अडथळाही येतो. (स्टेंट नाही, हृदयविकार नाही, अशांनी शेजाऱ्याचं बघून अॅस्पिरिन सुरू करू नये, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य.)

ज्यांनी स्टेंट टाकला त्यांना आजच फोन करा, उद्यावर ढकलू नका. गोळी कधी बंद केली ती तारीख सांगा, कारण पुन्हा सुरू करताना पहिला डोस कधीकधी मोठा लागतो आणि तो त्यांनीच ठरवायचा. डिस्चार्ज कार्ड आणि डागांचा फोटो जवळ ठेवा. छातीत दाब आला, दरदरून घाम फुटला तर फोनाफोनी करत बसू नका, थेट १०८. आणि डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहा, मी वाट बघतोय.