सरळ रेषेत सरकण्याचा आव

यंत्राचा एक भाग सरळ रेषेत पुढे-मागे सरकवणे हे काम ऐकायला इतके निरुपद्रवी वाटते की त्यात चुकायला वाव कोठे आहे, असा प्रश्न कोणालाही पडावा. प्रत्यक्षात वाव सहा प्रकारचा असतो. लिनिअर स्टेज, म्हणजे असा सरकता मंच, सांगितल्यापेक्षा कमी-अधिक सरकते, वाटेत डावी-उजवीकडे हटते, वर-खाली होते आणि एवढ्यावर समाधान न झाल्यास पिच (पुढे-मागे झुकणे), यॉ (डावी-उजवीकडे वळणे) आणि रोल (सरकण्याच्या रेषेभोवती फिरणे) अशा तीन नावांखाली तीन प्रकारे अंगही वळवते. असे तीन अक्ष, म्हणजे सरकण्याच्या तीन दिशा, एकत्र आले की अठरा दोष होतात; ते एकमेकांशी नेमक्या काटकोनात नसल्याचे आणखी तीन धरले की एकवीस. माहितीपत्रकात या स्टेजला ‘अचूक’ म्हणतात.

हे दोष पकडण्यासाठी लेसर इंटरफेरोमीटर, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींवर टाकून उमटणाऱ्या उजेड-अंधाराच्या पट्ट्यांवरून अंतर मोजणारे उपकरण, मांडावा लागतो. हेलियम-निऑन लेसरची तरंगलांबी सुमारे ६३३ नॅनोमीटर असते आणि स्टेजवरचा परावर्तक तिच्या निम्म्याने सरकला की प्रकाशाचा एक पट्टा पुढे जातो. उपकरण त्या पट्ट्याचेही बारीक तुकडे मोजते. इतक्या चौकस पाहुण्याला घरात घेतल्यावर तो आपण दाखवू तेवढेच पाहील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. मला स्टेज मोजायची असते आणि तो मला भोवतालची खोली मोजून देतो.

किरण स्टेजच्या रेषेशी जुळवण्याबद्दल फार बोलत नाही. स्टेज जवळ असताना निशाणाच्या छिद्रात नीट बसणारा लेसरचा ठिपका ती दूर जाताच बाहेर पडतो आणि किरण एक मिलिरेडियन (अंशाचा सुमारे सतरावा भाग) तिरका राहिला तरी मीटरमागे अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी भरतो, एवढेच सांगतो. खरा छळ हवेचा आहे. हवा एका अंशाने तापली की प्रकाशाची तरंगलांबी बदलून मीटरमागे सुमारे एक मायक्रॉनचा फरक पडतो, तर पोलाद तेवढ्याच तापमानवाढीने अकरा-बारा मायक्रॉन लांबते. म्हणून प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस ठरलेले आहे. त्यातच स्वस्थ बसलेला माणूसही साधारण शंभर वॅट उष्णता टाकत असल्याने मापनाच्या दृष्टीने मी तज्ज्ञ नसून एक हीटर आहे, आणि मला दूर कोपऱ्यात बसून आलेख पाहावा लागतो. आलेख स्थिरावत आला की साहेब दार उघडून विचारतात, “अजून झालं नाही का?” त्या प्रश्नासोबत आत शिरलेली हवा आलेखावर स्पष्ट उमटते आणि मग खरोखरच झालेले नसते.

एर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्येच बजावले होते की ज्या रेषेत मोजायचे त्याच रेषेत मोजपट्टी हवी. त्या रेषेत नेमकी मोटर, केबल किंवा स्क्रू असतो, त्यामुळे परावर्तक १०० मिलिमीटर वर बसवावा लागतो आणि एका आर्कसेकंदाच्या (अंशाच्या ३६०० व्या भागाच्या) पिचला अर्धा मायक्रॉन दंड भरावा लागतो. रोल तर नेहमीच्या मांडणीला दिसतच नाही, कारण किरणाभोवती फिरल्याने मार्गाची लांबी बदलत नाही; तेथे कल मोजणारी इलेक्ट्रॉनिक लेव्हल लागते आणि अक्ष उभा असला तर तीही हात वर करते.

मशीन टूल्सच्या आयएसओ २३०-२ मानकानुसार प्रत्येक ठिकाणी दोन्ही दिशांनी पाच-पाच वेळा जाऊन अहवाल तयार होतो. साहेब तो शेवटपर्यंत वाचतात, अनिश्चिततेच्या ओळीवर बोट ठेवतात आणि विचारतात, “बाकी उत्तम आहे, पण हे अधिक-उणे काढून टाकता येणार नाही का?”