वाटाड्याचं ‘नाय’

मे संपत आला की व्हॉट्सअ‍ॅपवर तीच जाहिरात फिरायला लागते. काजवे, सांदण दरी, भंडारदरा; दोन दिवस, एक रात्र, चहा-नाश्त्यासकट. मी तीनदा गेलेय, म्हणून बोलते.

पहिल्या वेळी आमची बॅच पंचेचाळीस जणांची. ट्रेक लीडर आमच्याच बसमधून आलेला, हसरा, तेविसेक वर्षांचा. सोबत साम्रद गावातले एक मामा. त्यांची ओळखसुद्धा कुणी करून दिली नाही. सांदणच्या तोंडाशी मामा थांबले. रतनगडाकडे बघून म्हणाले, “आज खाली न्यायचं नाय. काळं धरलंय.” लीडर म्हणाला, “मामा, लोकांनी पैसे भरलेत.” मामा म्हणाले, “मग परत द्या.”

पहिल्या डोहापर्यंत जाऊन परत फिरलो. पाऊस आलाच नाही. चारपर्यंत लख्ख ऊन. बसमध्ये सगळे कुरकुरले, मीही कुरकुरले.

नंतर डोक्यात प्रकाश पडला. सांदण म्हणजे कातळाला पडलेली चीर, दोन्ही बाजूंना शेकडो फूट सरळसोट भिंती. वरच्या पठारावर वळवाची एक सर आली की ते पाणी याच फटीतून धावतं, आणि आत उभ्या माणसाला वर नीट आभाळही दिसत नाही. त्यात पंचेचाळीस जण! काही झालं असतं तर दोर घेऊन उतरले असते मामा आणि त्यांच्या गावची पोरं. लीडरला भीती रिव्ह्यूची, मामांना आमची प्रेतं वर काढायची. ‘नाही’ कोण म्हणू शकतो, ते यावरच ठरतं.

काजव्यांचंही तसंच. काजवा चमकतो तो जोडीदाराला हाक घालायला. तिथे आपण गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाइलचे फ्लॅश मारतो. दुसऱ्या वर्षी मी थेट त्याच मामांकडे गेले. त्यांनी आम्हा पाच जणांच्या टॉर्च काढून घेतल्या आणि एका सादड्याखाली गप्प बसवलं. दहा मिनिटं काहीच नाही. मग एक फांदी लागली, मग अख्खं झाड. (फोटो नाहीत. मागू नका.)

यावर कुणीतरी म्हणेलच की ग्रुपबरोबर गेलं तर स्वस्त पडतं, बायकांना सुरक्षित वाटतं. खरंय. आयोजक नकोतच असं मी म्हणत नाही. पण १९२६ साली पुरं झालेल्या भंडारदरा धरणाचं पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खालच्या उसाला जातं. वर रतनवाडी, साम्रद, घाटघरच्या लोकांच्या हाताला येतो तो हा हंगामी धंदा. त्यातही वाटाड्याला ‘लोकल सपोर्ट’ म्हणून किरकोळ नोट टेकवायची?

तर या वर्षी बुकिंग करण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा. गावातला वाटाड्या किती माणसांमागे एक? त्याला दिवसाचे किती देता? आणि तो परत फिरा म्हणाला तर फिरणार का? तिसऱ्या प्रश्नाला समोरचा हसला, तर पैसे पाठवू नका. कसाऱ्यापर्यंत लोकल आहे, पुढे जीप मिळते. मामांच्या घरी पिठलं-भाकरीही मिळते, फक्त आदल्या दिवशी कळवावं लागतं.