वीस की पस्तीस? एम-टूचं दुखणं वेगळंच आहे

दहावीला गणितात 35 हवेत की 20 पुरेत, यावरून 2024 मध्ये महाराष्ट्रात बरीच धूळ उडाली. राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातली तरतूद अशी होती: गणित-विज्ञानात 35 ऐवजी 20 मिळाले तरी पोरगं अकरावीला जाईल, मात्र गुणपत्रिकेवर शेरा पडेल की पुढे हे विषय घेता येणार नाहीत. दर्जा बुडाला, असं काही म्हणाले. गणितापायी शाळा सुटते ती तरी सुटणार नाही, असं बाकीचे म्हणाले. मी दुसऱ्यांच्या बाजूचा आहे. शेरा मात्र मला पटत नाही.

मी राहतो त्या जर्मनीत चाळणी याहून आधी लागते. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच, म्हणजे दहाव्या वर्षी, पोर कुठल्या प्रकारच्या शाळेत जाणार ते ठरतं. फक्त मागून परत यायच्या वाटा उघड्या ठेवल्यात. हातात कसब घेऊन, नोकरी करून, संध्याकाळच्या शाळेतून विद्यापीठाची पात्रता मिळवता येते. आपला शेरा पंधराव्या वर्षी बसेल, आणि तो पुसायचा कसा याची चर्चा मला कुठे दिसली नाही.

पण यवतमाळच्या नेर-दारव्ह्याकडचं पोट्टं 35 काय, 85 घेऊनही इंजिनिअरिंगला गेलं तरी पहिल्याच वर्षी अडकतं. एम-वन, एम-टू म्हणजे पहिल्या वर्षाचे गणिताचे दोन पेपर. एम-वनमध्ये पार्शल डेरिव्हेटिव्ह, एम-टूमध्ये डबल इंटिग्रल. दोन चलं एकदम आली की बारावीचं पाठांतर पुरत नाही. डबल इंटिग्रलमध्ये एक्स आधी की वाय आधी हा क्रम उलटवला की लिमिट्स, म्हणजे कुठून कुठपर्यंत मोजायचं त्या सीमा, बदलतात. माझा पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, लिमिट्स बदलतात हे मालूम आहे. काहून बदलतात ते कोणी सांगूनच नाही राह्यलं."

त्याचा प्रश्न खरा आहे. एक्स शून्य ते एक, वाय एक्सपासून एकपर्यंत, आणि आत ई चा वाय-वर्ग घात. आधी वायचं इंटिग्रल घ्यायला गेलात तर ते नेहमीच्या सूत्रांत बसतच नाही. कागदावर त्रिकोण काढा, तोच आडव्या पट्ट्यांनी भरा, म्हणजे आधी एक्स घ्या, की दोन ओळींत उत्तर: (ई − 1)/2. सगळी गंमत त्या त्रिकोणात आहे. आमच्या वेळी मात्र हा आयएमपी प्रश्न होता. पेपरात 'हा नाहीतर तो' असायचं, त्यामुळे अर्धं युनिट सोडून दिलं तरी विषय निघायचा. त्रिकोण न काढता लिमिट्स बदलणारे इंजिनिअर आम्ही शेकड्यानं पाहिलेत.

जर्मनीत मी एमएस करताना याच विषयाच्या सरावतासाला शिकवायचो. दर आठवड्याला प्रश्नांचा कागद निघतो, मुलं घरून सोडवून आणतात, वरच्या वर्गातली मुलं पगार घेऊन तो लाल पेनानं तपासतात. निम्म्याच्या आसपास गुण जमले नाहीत तर बऱ्याच ठिकाणी परीक्षेलाच बसू देत नाहीत. चूक परीक्षेत नाही, तिसऱ्या आठवड्यातच कळते. मला वाटतं, सगळा फरक इथे आहे. फळा तोच, पुस्तकंही जवळपास तीच.

म्हणून इथलं सगळं गोड मानू नका. परीक्षेला साधारण तीनच संधी, तिसरीही गेली की तो अभ्यासक्रम देशात सहसा कुठल्याच विद्यापीठात घेता येत नाही. एवढी निर्दयता आपल्याकडे नको. बॅक, म्हणजे राहिलेले विषय, काढत काढत सहा वर्षांत पदवी घेणारा पोरगा मला चालतो.

आणि हे गणित गावाला परकं आहे हे तर अजिबात ऐकू नका. पाणलोटाच्या कामात बरडावर सलग समतल चर खोदतात, एकाच उंचीच्या रेषेवर, उताराला आडवे. ग्रेडियंट, म्हणजे सगळ्यात खड्या चढाची दिशा, त्या रेषेला काटकोनात असतो आणि पाणी बरोबर त्याच्या उलट्या दिशेनं पळतं. धुऱ्या-धुऱ्यानं शेताला एक फेरी मारून आतलं क्षेत्र काढता येतं, ते ग्रीनचं प्रमेय. तो जॉर्ज ग्रीन नॉटिंगहॅमजवळ पीठगिरणी चालवायचा. शाळा जेमतेम वर्षभर. प्रबंध 1828 मध्ये वर्गणी काढून छापला आणि केंब्रिजला गेला तो चाळिशीत. त्याच्या गुणपत्रिकेवर कोणी शेरा मारला नव्हता हे आपलं नशीब.

गावाकडच्या कॉलेजात साप्ताहिक कागद तपासणार कोण, हा पुढचा प्रश्न. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक चार जागी धावतात, त्यांच्यावर आणखी ओझं टाकणं बरं नाही. पण तिसऱ्या-चौथ्या वर्षाची पोरं आहेत की. 'कमवा आणि शिका' योजनेत कॉलेजं पैसे देऊन पोरांकडून ग्रंथालयातली पुस्तकं लावून घेतात, बागेला पाणी घालून घेतात. त्याच तासांचे पैसे एम-टूचे कागद तपासायला द्यायला नेमका कुठला शासन निर्णय आडवा येतो, ते मला कोणीतरी सांगावं.