गोळी चालू आहे, झोप लागते, मग आळसच ना?

फोंड्यातल्या आमच्या नात्यातल्या ग्रुपवर चवथीपासून एक फॉरवर्ड फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: बायपोलर म्हणजे मूड बदलणं, ते सगळ्यांचंच होतं. गोळ्यांनी झोप आणि भूक जाग्यावर आली की मुलगा बरा. तरी नोकरी जमत नसेल तर तो आळस. लिथियम (बायपोलरवरचं औषध) किडनी खातं, बरं वाटताच बंद करा. आणि लग्न लावून द्या. खाली हात जोडलेल्या 17 इमोजी. माझ्या 24 वर्षांच्या भावाला बायपोलर आहे आणि तो त्याच ग्रुपवर आहे. त्याला विचारूनच हे लिहिते.

सकाळी वैताग, दुपारी ताटात हुमण बघून खूश, हा मूड. बायपोलरमधला उन्माद, म्हणजे अति उत्साहाचा काळ, आठवडाभर किंवा त्याहून जास्त टिकतो, नैराश्य किमान दोन आठवडे. भाऊ उन्मादात असताना तीन तास झोपून तरतरीत असायचा. रेंट-अ-बाइकचा धंदा काढतो म्हणून एका रात्रीत पाच स्कूटरींचा अ‍ॅडव्हान्स देऊन आला होता.

आता आळस. हाच मुद्दा मला सगळ्यात लागला. अमेरिकेत बायपोलरच्या 146 रुग्णांवर सरासरी जवळपास 13 वर्षं लक्ष ठेवलं गेलं. निष्कर्ष 2002 साली आले. 47 टक्के आठवड्यांत त्यांना काही ना काही लक्षणं होतीच, आणि नैराश्याचे आठवडे उन्मादाच्या तिपटीहून जास्त. लोकांना दिसतो तो उन्माद. नोकरी खातं ते हे मंद, न दिसणारं नैराश्य. शिवाय आजार शांत असतानाही बऱ्याच जणांचं लक्ष, स्मरण, कामाचा क्रम लावणं कच्चं राहतं.

भाऊ हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. परदेशी पाहुणा आला की 24 तासांत त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म भरावा लागतो, हॉटेलात त्याला सी फॉर्म म्हणतात. त्याच्या हातून दोनदा राहिला. हसून बोलतोय, वेळेवर येतोय, मग विसरतो कसा, असं साहेबांना वाटणारच. त्यात आलटून पालटून रात्रपाळी. झोपेची घडी विस्कटणं हेच या आजाराला आमंत्रण. बांबोळीच्या डॉक्टरांनी रात्रपाळी नको असं पत्र दिलं. ते महिनाभर फाईलखाली पडून. साहेबांचं उत्तर, 'सीझनमध्ये सगळेच थकतात!'

लिथियमबद्दल फॉरवर्ड अर्धा खरा आहे. किडनी आणि थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो, म्हणूनच ठरावीक काळाने रक्त तपासतात. पण ते एकदम सोडलं तर उन्माद उलटून येण्याचा धोका वाढतो. सांगायचंच होतं तर हे सांगा: मे महिन्यातल्या घामाने किंवा जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं की लिथियमची पातळी चढते, आणि आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही. एवढं लिहिलं असतं तर 18 वा नमस्कार माझा असता.

लग्नावर काय बोलणार? दुसऱ्याची मुलगी म्हणजे गोळी नव्हे.

भाऊ आता दिवसपाळीला आहे. संध्याकाळी पाचला त्याच्या फोनचा गजर वाजतो. सुट्टीच्या दिवशी तो घरी वाजला की आई अजून विचारते, "गोळी रे?"

"नाही गे, सी फॉर्म."